हुडमध्ये येणारी हवा नक्की कुठली?

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवड परिसरातले पन्नाशीचे एक वाचक नोकरी सांभाळून जुन्या स्कूटर नव्याने उभ्या करतात. वर्षाकाठी दोन, फार तर तीन. इंजिनापासून रंगापर्यंत सगळं काम घराखालच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या हाताने. अलीकडे ते टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग, आणि वरून टू-के क्लिअर, म्हणजे चमकीचा पारदर्शक थर, मारू लागले आहेत. तोंडाला दोन गोल फिल्टरवाला रबरी मास्क असतो. त्यांना दाढी आहे. मास्क लावल्यावर वास येत नाही, म्हणून तो नीट काम करतो असं ते धरून चालतात. वरच्या मजल्यावर त्यांच्या वयस्क आई राहतात आणि त्यांना दमा आहे. अमेरिकेतला भाचा सांगतो, ‘मामा, ताजी हवा पुरवणारी सिस्टिम घे. बाहेरची हवा पाइपमधून थेट हुडमध्ये, म्हणजे डोकं-चेहरा झाकणाऱ्या टोपात, येते.’ किंमत ऐकून ते थबकले आहेत. मित्र म्हणतो, घरचा २ एचपीचा कॉम्प्रेसर आहेच, त्याला एक चांगला फिल्टर लाव आणि तीच हवा मास्कला दे. प्रश्न असा: विकत घेऊ, की घरीच जुळवू? जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे: ‘रंग मारला की त्या रात्री थोडा कोरडा खोकला येतो, छाती जड वाटते. सकाळपर्यंत बरं वाटतं. धूळ किती असते हल्ली.’

उत्तर:

नमस्कार.

तुम्ही विचारलं आहे यंत्राबद्दल, पण मी सुरुवात तुमच्या शेवटच्या ओळीपासून करते, कारण अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. धुळीचा त्रास असा दिवस बघून येत नाही. रंग मारला त्याच रात्री खोकला, छाती जड, आणि सकाळी मोकळं. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये सुरक्षेचं काम करताना ही तक्रार मी नेमक्या ह्याच शब्दांत ऐकलेली आहे, आणि सांगणारा दरवेळी ती हवापाण्यावर ढकलत असे.

टू-के पेंटच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं. गाड्यांच्या रंगात ते प्रामुख्याने हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट, म्हणजे एचडीआय, आणि त्यापासून बनवलेली रसायनं. रंगाला ती काचेसारखी चमक आणि पेट्रोलला न जुमानणारा कडकपणा त्याच्यामुळेच येतो. पण हे रसायन काही जणांच्या शरीराशी कायमचं वैर धरतं. आधी काही दिवस किंवा काही वर्षं काहीच होत नाही. मग कधीतरी खोकला, छातीत आवळल्यासारखं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. त्रास बहुतेकदा काम संपल्यावर काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो, म्हणून कामाशी त्याचा संबंध जोडणं कुणाला सुचत नाही. आणि एकदा शरीर ह्या अवस्थेला पोहोचलं की मग पूर्वी चालून गेलेल्या मात्रेच्या कितीतरी कमी मात्रेनेसुद्धा दम्याचा झटका येऊ शकतो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, सांगते की गाड्या रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका तिथल्या इतर कामकऱ्यांच्या सुमारे ८० पट आहे.

तुम्हाला दमा झालाच आहे असं मी म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. पण छातीच्या डॉक्टरांना भेटेपर्यंत हार्डनरचा डबा उघडू नका. इतर कुठल्याही गोष्टीत तुम्ही माझं ऐकलं नाहीत तरी चालेल, ही एवढी ऐका. डॉक्टरांकडे गेलात की नुसतं ‘खोकला आहे’ म्हणू नका. ‘मी आयसोसायनेट असलेला रंग स्प्रे करतो आणि त्याच रात्री त्रास होतो’ असं सरळ सांगा. दिवसा दवाखान्यात केलेली फुंकण्याची तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते, कारण त्या वेळी तुम्ही ठीकच असता. म्हणून काही डॉक्टर पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता ते मोजणारं छोटं साधन, घरी देऊन दिवसातून अनेक वेळा आकडे लिहून ठेवायला सांगतात. तुमच्या हार्डनरच्या कंपनीकडून त्याची एसडीएस, म्हणजे सुरक्षेचं माहितीपत्रक, मागवा आणि सोबत न्या. ह्या कागदाच्या तिसऱ्या भागात आत काय काय आहे ते असतं, आठव्यात संरक्षणासाठी काय वापरायचं ते. दुकानदाराकडे नसेल तर कंपनीला ईमेल करा.

आणि डॉक्टरांनी शंका खरी ठरवली, तर ‘मग मी आणखी चांगली सिस्टिम घेतो’ हा मार्ग उरत नाही. शरीर एकदा संवेदनशील झालं की हुड काढतानाची एखादी चूक किंवा अंगावरच्या कपड्यांवर बसलेला फवारासुद्धा पुरतो. तेव्हा टू-के सोडावा लागेल. हे वाचायला कडू आहे, पण महागडी खरेदी करण्याआधी तुम्हाला ते माहीत असलं पाहिजे.

आता डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं असं धरून पुढे जाऊ. हा भाग तुमच्यासारख्याच घरच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये रंग मारणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

वास येत नाही म्हणजे मास्क चालतोय, हा समज आधी काढून टाकू या. तुम्हाला जो वास येतो तो थिनरचा. मास्कमधला कोळसा तो शोषून घेतो आणि तुम्ही निर्धास्त होता. आयसोसायनेट मात्र अपाय करण्याइतकं हवेत असलं तरी नाकाला कळत नाही. ब्रिटनने ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत ०.०२ मिलिग्रॅम आहे आणि पंधरा मिनिटांसाठी ०.०७ मिलिग्रॅम. बंद पार्किंगमध्ये स्प्रे गन चालू केल्यावर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. नवा, योग्य प्रकारचा फिल्टर आयसोसायनेट अडवतो, हे खरं आहे. पण तो कधी भरला हे तो सांगत नाही आणि नाकही सांगत नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये टू-के स्प्रे करताना हवा पुरवणारं उपकरणच वापरा असं सांगतात. अमेरिकेच्या नियमांत फिल्टर किती तासांनी बदलायचा ह्याचं वेळापत्रक आखून तो वापरायला वाव आहे, पण तसं वेळापत्रक आखायला हवेतली मात्रा ठाऊक असावी लागते, आणि घरच्या पार्किंगमध्ये ती मोजणार कोण? त्यात तुमची दाढी. रबरी मास्कची कड कातडीला चिकटून बसली तरच तो मास्क. मध्ये केस आले की हवा फिल्टरला वळसा घालून कडेने आत येते. कोविडच्या काळातला एन-९५ तर फक्त कणांसाठी आहे. वाफेपुढे त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा भाच्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. टू-के मारायचा तर बाहेरून आणलेली हवाच हवी. सैल हुड असेल तर दाढीचाही प्रश्न उरत नाही, कारण तिथे हवा सतत आतून बाहेर वाहत असते.

पण ही सिस्टिम वाचवते फक्त हुड घालणाऱ्याला. तुमच्या पत्रात ह्याचा विचार मला कुठे दिसला नाही. गनमधून निघालेला रंग सगळा पत्र्यावर बसत नाही, बराचसा धुक्यासारखा हवेत राहतो. घराखालच्या पार्किंगमधून वर जायला त्याला जिना आहे, आणि उन्हाने तापलेल्या घरात जिन्यातून हवा वरच चढते. वर दम्याच्या आई आहेत. त्यांच्या डोक्यावर हुड नाही. तुम्ही जगातली सगळ्यात चांगली सिस्टिम घेतलीत तरी त्यांच्या खोलीतली हवा तीच राहील. उलट भीती अशी की स्वतःला त्रास होईनासा झाला की तुम्ही जास्त निर्धास्तपणे, जास्त वेळ गन चालवाल. म्हणून ‘विकत घेऊ की बनवू’ ह्याच्या आधी ‘ह्या जागेत टू-के मारू की नको’ हा प्रश्न आहे, आणि ह्या घरापुरतं माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. वेगळी शेड असेल, वर-शेजारी कुणी राहत नसेल, तर बोलणं वेगळं.

‘मग माझ्या हातचा रंग कुठे राहिला?’ असं तुम्हाला वाटणार. ते मी हलक्यात घेत नाही. पण स्कूटरच्या रंगकामात हात दिसतो तो कुठे? जुना रंग उतरवण्यात, पोचे काढण्यात, लांबी (पुटी) भरून पॅनलची गोलाई परत आणण्यात, वॉटर पेपरने तासन् तास घासण्यात. हे सगळं तुमच्याकडेच राहू शकतं. शेवटचे बेस (मूळ रंगाचा थर) आणि क्लिअरचे हात तेवढे चांगला बूथ, म्हणजे रंग मारायची वेगळी बंदिस्त खोली, असलेल्या पेंटिंगवाल्याकडे मारून घ्यायचे. वर्षाला दोन-तीन स्कूटर असतील तर बूथवाल्याचा खर्च चांगल्या सिस्टिमच्या किमतीला पोहोचायला बराच काळ जाईल. तुमच्या भागात पावडर कोटिंगची वर्कशॉपं चिक्कार आहेत. रिम, स्टँड, कॅरियर असे सुटे लोखंडी भाग तिकडे द्या. घरी मारायचंच असेल तर वन-के रंग आहेत, ज्यांत हार्डनर मिसळावा लागत नाही. त्यांत थिनर असतोच, म्हणून हवा खेळती हवी, दाढी काढलेली हवी आणि वाफेचा, धुक्याचा असे दोन्ही फिल्टर असलेला मास्क हवा. आईंना त्या दिवशी बहिणीकडे किंवा नातेवाइकांकडे पाठवा. वन-केचा तोटाही सांगते: चमक कमी काळ टिकते, आणि पेट्रोल सांडलं की बऱ्याच वन-के रंगांवर डाग पडतो किंवा रंग मऊ होतो. टाकीच्या तोंडाजवळ हे तुम्हाला जाणवेल. बाजारात टू-के असं लिहिलेले फवारणीचे छोटे डबेही मिळतात, ज्यांच्या बुडाशी बटण दाबून आतला हार्डनर मोकळा करतात. डबा छोटा असला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्यालाही हेच सगळं लागू.

आता वेगळी जागा आहे, टू-केच मारायचा आहे, आणि सिस्टिम घ्यायची ठरली आहे अशांसाठी, आणि तुमच्या मित्रासाठीही, कॉम्प्रेसरबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कॉम्प्रेसर हवा स्वच्छ करत नाही. जी ओढली तीच दाबून देतो, आणि पिस्टनचा, तेलावर चालणारा असेल तर वर स्वतःचं तेल मिसळतो. तो तापला की ते तेल जळू लागतं आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. ह्या वायूला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस म्हणतो ‘थिनर चढला’, आणि तसाच काम करत राहतो. मित्र म्हणतो तो फिल्टर पाणी अडवेल, तेलाचे थेंब अडवेल, कोळशाचा टप्पा असेल तर वासही काढेल. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ निघून जातो. त्याच्यासाठी वेगळा उत्प्रेरक लागतो, होपकलाइट नावाचा, आणि त्याला ओल चालत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीच्या तळाचा कॉक सोडल्यावर किती पाणी निघतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अमेरिकेत श्वासाच्या हवेची ग्रेड डी नावाची जी प्रत ठरवली आहे तिच्यात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही, कार्बन डायऑक्साइड १,००० भागांपेक्षा, तेल दर घनमीटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा, आणि ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये लागतो. तेलाच्या कॉम्प्रेसरवरून श्वासाची हवा घ्यायची तर तिथे तापमानाचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. नुसता तापमानाचा असेल तर हवा अधूनमधून तपासावीच लागते.

शिवाय हवा पुरायलाही हवी. सैल हुडला मिनिटाला निदान १७० लिटर हवा लागते, घट्ट बसणाऱ्या मास्कला ११५. तुमचा २ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर प्रत्यक्षात साधारण दीडशे-दोनशे लिटर देत असेल. वरच्या पट्टीवर छापलेला मोठा आकडा बहुधा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो. हातात येते ती ‘फ्री एअर डिलिव्हरी’, तो आकडा विचारा. बॉडी रंगवायची गन एकटीच ह्यापेक्षा जास्त हवा खाते. म्हणजे गन आणि हुड दोन्ही एकाच कॉम्प्रेसरवर लावले की गनचा ट्रिगर दाबला रे दाबला, हुडमधली हवा कमी होणार. ज्या क्षणी धुकं सगळ्यात दाट, त्याच क्षणी श्वास सगळ्यात कमी. आणि कॉम्प्रेसर न थांबता पळत राहणार, तापणार, तेल जास्त जाळणार. तेव्हा घरच्या कॉम्प्रेसरचा बेत सोडा.

जुन्या व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूला बागेचा पाइप जोडायचा, असेही प्रयोग लोक करतात. हवा किती येते ते मोजलेलं नसतं, मोटरच्या कार्बन ब्रशची भुकटी त्यात येते, त्या पाइपचा स्वतःचाच वास येतो. नको. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण हा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो: २०२१ च्या लाटेत घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बऱ्याच घरांत पडून आहे. तो ह्यासाठी कधीही वापरू नका. घरगुती यंत्र बहुधा मिनिटाला ५ लिटर देतं, हुडला लागतात १७०. त्याहून वाईट म्हणजे थिनरच्या वाफेत जादा ऑक्सिजन सोडणं हे आगीला आमंत्रण आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरचंही तेच.

बॅटरीवर चालणारा, कमरेला बांधायचा पंखा आणि फिल्टर असलेला हुडही मिळतो. तो दिसतो ह्या सिस्टिमसारखाच आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात दाखवतात. पण तो त्याच खोलीतली हवा गाळून देतो. फिल्टर कधी भरला ते न कळण्याची अडचण तिथेही आहेच.

घरच्या कामाला मला त्यातल्या त्यात पटतो तो कमी दाबाचा, तेल नसलेला हवेचा पंप. तो रंगाच्या जागेबाहेर, स्वच्छ हवेत ठेवायचा आणि त्याचा पाइप हुडला जोडायचा. तेल नाही, त्यामुळे तेल जळून होणारा कार्बन मोनॉक्साइड नाही. पंप, पाइप आणि हुड एकाच कंपनीचा, एकत्र तपासलेला संच घ्या. एकाचा पंप आणि दुसऱ्याचा हुड जोडला की किती हवा येते ह्याची हमी कुणीच देत नाही. कंपनीने दिला त्याहून लांब पाइप जोडू नका. आणि श्वासाच्या पाइपचे कपलर (जोडणीची टोकं) गनच्या कपलरमध्ये बसणार नाहीत असेच हवेत, म्हणजे घाईत चुकीचा पाइप लागणार नाही.

पंप घेण्याआधी त्याची जागा शोधा. माझ्या मते अर्धं काम इथेच आहे. पंप जिथे उभा, तिथली हवा तुमच्या नाकात. वीज गेली की शेजारच्या सोसायटीचा जनरेटर आपोआप सुरू होतो. त्याचा धूर कुठे सुटतो? मागच्या घरी पाण्याचा बंब पेटतो का? कुणी पालापाचोळा जाळतं का? फाटकाशी गाडी चालू ठेवून कुणी फोनवर बोलत उभं राहतं का? तुमच्या स्वतःच्याच एक्झॉस्ट फॅनचं तोंड कुठे आहे? रंगाची हवा एका भिंतीतून बाहेर टाकून दुसऱ्या कोपऱ्यात पंपाने परत आत ओढली, असं होऊ शकतं, वारा फिरला की हमखास. जागा ठरवायला एक दिवस नुसतं बसून बघा: सकाळी कोण काय पेटवतं, दुपारी वारा कुठून येतो. पंपाशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा आणि तो ऐकू येणारं माणूसही ठेवा, कारण हुडमध्ये तुम्हाला बाहेरचं फारसं ऐकू येत नाही. वीज गेली तर काय करायचं ते त्या माणसाशी आधी बोलून ठेवा. पंप थांबला की हुडमध्ये आपलाच सोडलेला श्वास साठतो. गन खाली ठेवायची आणि सरळ बाहेर पडायचं. अर्धा हात राहिला असेल तर राहू दे. पॅनल परत घासता येतं.

हुड वापरायच्या सवयीबद्दल एकच गोष्ट लिहिते, पण ती महत्त्वाची आहे. शेवटचा क्लिअरचा हात मारून झाला की पेंटर काय करतो ते मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. गन हुकला अडकवतो, दोन पावलं मागे सरतो, मान तिरकी करतो आणि दिव्याचं प्रतिबिंब सरळ दिसतंय का ते बघायला पुढची काच वर करतो. काचेवर रंगाचे बारीक ठिपके बसलेले असतात, तिच्यातून चमक कळत नाही. तेव्हा हवेत धुकं तसंच असतं. दिवसभर जपलेला श्वास त्या अर्ध्या मिनिटात वाया जातो. काचेवर लावायच्या पातळ पारदर्शक फिल्म मिळतात. एकावर एक लावा, एक खराब झाली की ओढून काढा. चमक बघायची तर बाहेर येऊन, खोली मोकळी झाल्यावर परत आत जाऊन बघा. बाहेर पडेपर्यंत हुड डोक्यावर आणि हवा चालू राहिली पाहिजे. हार्डनर मिसळताना आणि शेवटी गन धुतानाही हुड हवा. गन धुताना थिनरचा फवारा मारून ती मोकळी करण्याची सवय असेल तर ती सोडा. आयसोसायनेट कातडीतूनही शरीराला भिडतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा पेंट सूट लागतो, आणि तो सूट घालून जेवायला वर जायचं नाही.

खोली मोकळी व्हायला किती वेळ लागतो ते ब्रिटनमध्ये धुराचं यंत्र लावून मोजतात. घरी उदबत्तीच्या जुडग्यावर अंदाज येतो, मात्र रंग, थिनर, ओल्या चिंध्या ह्यांतलं काहीही तिथे नसताना, रंगाच्या दिवसाच्या आधी. दारं रोजच्यासारखी ठेवा, फॅन लावा, धूर कुठे जातो आणि किती वेळ रेंगाळतो ते बघा. जिन्याकडे गेला तर काय ते समजा. रंगाचं धुकं दिसेनासं होतं त्यानंतरही ते हवेत असतं, म्हणून धूर संपायला लागला त्याहून बराच जास्त वेळ धरा. आणि फॅन कुठलाही चालत नाही. थिनरची वाफ हवेत साधारण १ टक्का झाली की एक ठिणगी पुरते. साध्या एक्झॉस्ट फॅनची मोटर नेमकी त्या वाफेच्या वाटेत असते. ज्वलनशील वाफेसाठी बनवलेला फॅन घ्या. पार्किंगमध्ये बहुतेकांची पाण्याची मोटर असते, टाकी रिकामी झाली की आपोआप चालू होणारी. रंगाच्या दिवशी तिचा मेन स्विच आधीच बंद करा. इन्व्हर्टर आणि दुचाकीच्या बॅटरीचं चार्जिंगही तिथे नको.

‘एवढं काही होत नाही, आमचे पेंटर तर तोंडाला रुमाल बांधून मारतात’ असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच. मारतात, हे खरं आहे, आणि त्यांतले किती जण पन्नाशीनंतर गन धरू शकतात तेही त्यांनाच विचारा. हे रसायन ऐकून कुणाला १९८४ चं भोपाळ आठवलं तर तेही सांगते: तिथे गळालेलं मिथाइल आयसोसायनेट ह्याच घराण्यातलं, पण ते फार लवकर वाफ होणारं होतं. हार्डनरमधलं त्या मानाने जड आहे. डब्यात स्वस्थ असतं, गनने त्याचं धुकं केलं की नाकापर्यंत पोहोचतं. म्हणून हाच रंग छोट्या डागाला ब्रशने लावणं आणि गनने मारणं ह्यांतल्या धोक्यात फार अंतर आहे. ब्रशने लावतानाही हातमोजे आणि मोकळी हवा हवीच, आणि तुमचा त्रास बघता डॉक्टरांच्या उत्तराआधी तेही नको.

तुमची आत्ताची स्कूटर अर्धवट उभी असेल. तिची लांबी आणि घासकाम चालू ठेवायला हरकत नाही, पाण्यासोबत घासा, साधा धुळीचा मास्क लावा. पण आधी मारलेला टू-के रंग अजून कच्चा असेल तर तो घासू नका. आणि उघडलेला हार्डनरचा डबा घरात कुठे ठेवला आहे ते बघा. माळ्यावर किंवा जिन्याखाली असेल तर तिथून हलवा. ओल लागली की आयसोसायनेट पाण्याशी मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि झाकण घट्ट असेल तर डबा आतून फुगतो. डबा सरळ, कोरड्या जागी, राहत्या घराबाहेर ठेवा. फुगलेला दिसला तर उघडायला जाऊ नका. ज्या दुकानातून घेतला त्यांना फोन करा आणि परत घ्यायला सांगा.